पडद्यावरचं सगळं पान

सातपूरच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत धूळ जाऊ नये हे त्यामागचं खरं कारण. पण कारण विसरून गेल्यावरही चपला निघतच राहिल्या, आणि काही माणसं दारातून शिरताना नकळत मानही जराशी खाली घालत. यंत्र तापू नये म्हणून आत बारमाही थंडी. बाहेर मे महिना तापलेला असला तरी आम्ही मुली आत स्वेटर घालून बसलेल्या असायचो. यंत्राची एकसुरी घरघर, काचेपलीकडे दुपारचं पांढरं ऊन, आणि समोर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्या वर्षांची आठवण काढली की मला आधी ती हिरवी अक्षरं दिसतात, माणसं मागाहून येतात.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. कारखान्यात विजेची बटणं आणि स्विच बनायचे, आणि आम्ही त्या कारखान्याच्या पगाराचे, मालाचे, स्टोअर्सचे प्रोग्रॅम लिहायचो. माझे वडील देवळाली कॅम्पातल्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. माझं काम काय ते त्यांना नीटसं कळलं नव्हतं, पण कोणी विचारलं की ते ठासून सांगायचे, "मुलगी यंत्राला शिकवते." मी दुरुस्त करायला गेले नाही. लष्कराच्या तोफांच्या सरावाने आमच्या घराच्या काचा सकाळपासून थरथरायच्या, त्या आवाजात मी डबा भरायचे आणि बस पकडायचे.

वाटेत द्वारकेच्या चौकात ती चढायची. ती म्हणजे माझी मैत्रीण, माझ्याच टेबलाला लागून बसणारी. नामपूरची. वडील नव्हते. आईला घेऊन ती द्वारकेच्या मागे एका खोलीत भाड्याने राहायची. मी नोकरीत पक्की झाले होते, ती नव्हती. तिला दर काही महिन्यांनी मुदतवाढीचं पत्र मिळायचं आणि ते मिळेपर्यंत ती जेवायची नाही धड. पत्र आलं नाही तर काय, हे ठरलेलं होतं. नामपूरला परत जायचं आणि चुलत्यांच्या कांद्याच्या गाळ्यावर बसून गोण्यांची वजनं लिहायची. "वजनंपण मी चांगली लिहीन गं," ती म्हणायची, "पण मग यंत्राला कोण शिकवणार?" माझ्या वडिलांचं वाक्य तिने उचललं होतं. तिला फक्त पक्कं व्हायचं होतं, बाकी जगाकडून तिची काही मागणी नव्हती.

आता आम्ही काम कसं करायचो ते सांगते, कारण आजच्या माणसाला ते खरं वाटणार नाही. प्रोग्रॅम लिहायला आणि दुरुस्त करायला जे साधन असतं त्याला एडिटर म्हणतात. आमचा एडिटर एका वेळी एकच ओळ दाखवायचा. तुम्ही ओळीचा नंबर सांगायचा, यंत्र ती ओळ पडद्यावर आणून ठेवणार, तुम्ही ती बदलायची, मग पुढचा नंबर सांगायचा. अख्खा प्रोग्रॅम आत कुठेतरी पडून असायचा, पण तो एकत्र कधी कोणी पाहिलेला नव्हता. पाहायचा तर रुंद कागदावर छापून घ्यायचा. ती कागदाची घडी मांडीवर घ्यायची, लाल पेन्सिलीने चुका खुणावायच्या आणि मग यंत्रासमोर बसून एकेका ओळीला हाक मारायची.

त्यातही एक रीत होती. दुरुस्त्या नेहमी शेवटाकडून सुरू करायच्या. वरती कुठे एक ओळ घुसवली की तिच्या खालच्या सगळ्या ओळींचे नंबर पुढे सरकणार आणि हातातला छापील कागद खोटा पडणार. म्हणून शेवटचं पान आधी, पहिलं पान शेवटी. आमच्या धंद्यातली सगळी माणसं त्या काळी अशीच उलटी चालायची. सवय इतकी अंगात भिनली की मी मासिकंसुद्धा मागून वाचायला लागले, आणि आई माझ्यावर वैतागायची, की गोष्टीचा शेवट आधीच कळल्यावर उरलेलं कशाला वाचतेस.

माझी मैत्रीण या कामात आमच्यात सगळ्यांत वेगवान. मी ओळ पाहायचे, कागद पाहायचे, खिडकीबाहेरचं निलगिरीचं झाड पाहायचे. तिचं तसं काही नसायचं. एक ओळ, मग दुसरी ओळ. तिची नजर त्या हिरव्या ओळीवर खिळवून ठेवल्यासारखी असायची. साहेब तिचं उदाहरण द्यायचे. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, अकाउंट्समधून आलेले, यंत्राला थोडे भिऊन असणारे आणि मनाने चांगले. "बघा, एकाग्रता बघा," ते मला म्हणायचे, आणि मी निलगिरीकडे पाहत हो म्हणायचे.

माझं डोकं ठिकाणावर नसायचं हे खरं, पण ते कुठे असायचं तेही सांगायला हवं. मला पान दिसायचं. थंडीत सकाळी बस धुक्यातून जायची, शेजारी ती डुलक्या घेत असायची, आणि मला काचेवर आमचा प्रोग्रॅम अख्खाच्या अख्खा, पानासारखा मांडलेला दिसायचा. वरची ओळ वर, खालची खाली. बोट ठेवावं तिथे बदलता यावं आणि बाकीच्या ओळींनी आपसूक जागा करून द्यावी. घरी पोचले, जेवले, डोळे मिटले तरी ते हिरवं पान समोर असायचं. प्रेमात पडल्यावर असंच होत असेल, असं तेव्हा वाटायचं. पुढे प्रेमातही पडले, पण पान दिसणं थांबलं नाही.

एक दिवस टर्मिनलच्या, म्हणजे आमच्या पडद्याच्या आणि कळफलकाच्या जोडीच्या, माहितीपुस्तकात मागे कुठेतरी बारीक टायपात सापडलं की पडद्यावरची लुकलुकणारी खूण आपण हव्या त्या जागी पाठवू शकतो. एवढंच मला पुरे होतं. मग जेवणाच्या सुट्टीत, काम संपल्यावर बस यायच्या आधी, रविवारी मनातल्या मनात, मी पानाचा एडिटर लिहायला घेतला. कोणी सांगितलं नव्हतं, साहेबांना तर माहीतही नव्हतं. माहीत होतं फक्त तिला. मी अडले की ती जवळ येऊन बसायची आणि डब्यातली भाकरी मोडत विचारायची, "आज कुठवर आलं?" बुद्धपौर्णिमेला ती आणि तिची आई आमच्याकडे खीर खायला आल्या होत्या, तेव्हाही आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसून त्याच्याबद्दलच बोलत होतो. तिची आई आतून म्हणाली, "ह्या दोन्हीस्नं काय चालू शे?" माझी आई म्हणाली, "त्यांनाच ठाऊक."

आणि मग ते झालं. पावसाळा संपत आला होता तेव्हा एका सकाळी मी सगळ्यांना बोलावलं, बटण दाबलं, आणि पडदा वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरून गेला. चोवीस ओळी एकदम. साहेब तडक बाहेर गेले, आणि अकाउंट्समधल्या दोघांना हाताला धरून घेऊन आले. मी खुर्चीत बसून राहिले होते. इतका आनंद झाला होता की उठले असते तर रडले असते.

गर्दी पांगल्यावर माझी मैत्रीण माझ्या खुर्चीत बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "छान झालंय. पण कडा कुठे आहेत?"

"कसल्या कडा?"

"पानाच्या. मधलं दिसतंय. बाजूला नुसता अंधार आहे."

मी पाहिलं तर पान होतं तसं होतं. प्रकाश कमीजास्त करायचं चाक फिरवून पाहिलं. तिने मान तिरकी केली, मग म्हणाली, आता बाजूचं दिसलं पण मधलं गेलं. मी म्हटलं, कुठेतरी चूक राहिली असणार, उद्या बघते.

ते उद्या फार लांबलं. तिच्या तक्रारी थांबेनात. लुकलुकणारी खूण हरवते. ओळीचा शेवट टाइप करेपर्यंत सुरुवात नाहीशी होते. वरच्या कोपऱ्यात सूचना येते म्हणे, पण तिला ती कधी दिसतच नाही. मी केबल बदलली. तिला दुसऱ्या टर्मिनलवर बसवलं, मग तिसऱ्या. बाकी कोणाची काही तक्रार नव्हती. ते तर जुनं सगळं विसरूनसुद्धा गेले होते, वरून खाली मजेत दुरुस्त्या करत होते. पण आम्हाला शिकवलेलंच असं की तक्रार आली की आधी आपण लिहिलेलं तपासायचं, माणसाला दोष द्यायचा नाही. मी तो नियम फार निष्ठेने पाळला. अख्खा एडिटर कागदावर छापून घेतला आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून ओळीओळीने चूक शोधू लागलो. तिने तर माझ्या खऱ्या दोन चुका शोधूनही दिल्या, ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. आज ते चित्र आठवलं की हसू येतं. शिकल्यासवरलेल्या दोन बाया प्रोग्रॅममध्ये काय शोधत होत्या!

याच सुमारास स्टोअर्सचं मोठं काम आलं होतं. तोवर मालाच्या नोंदी टेपवर असायच्या आणि काही विचारायचं तर रात्रभर टेप फिरून सकाळी उत्तर मिळायचं. आता त्या नोंदी डिस्कवर येणार होत्या आणि टर्मिनलवर बसल्या बसल्या कोणालाही विचारता येणार होतं. साहेब मुंबईहून एक शब्द शिकून आले होते, डेटाबेस. तो ते जपून उच्चारायचे, कपातलं सांडू नये तसे. त्यातला माल बाहेर देण्याचा भाग तिच्याकडे होता. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, हे नीट उभं राहिलं की तुमचं नाव पक्कं करायला पाठवतो. ती उजळलेल्या चेहऱ्याने बाहेर आली आणि लगेच कामाला बसली.

पण नेमकं तिचंच काम रखडायला लागलं. नोंदीत कुठली माहिती कितव्या जागेपासून सुरू होते, किती अक्षरांची आहे, याचे मोठे तक्ते आमच्या मागच्या भिंतीवर लावलेले होते. आपण मान वळवायची, बघायचं, परत लिहायला लागायचं. ती वळायची, उठायची, तक्त्यावर बोट फिरवत जागा शोधायची, परत यायची, आणि पडद्यावर आपण कुठे होतो ते तिला सापडायचं नाही. पूर्वी जिच्या एकाग्रतेचं कौतुक, तिच्याविषयी साहेब मला हळूच विचारू लागले, "यांना डेटा भरण्याच्या कामावर बसवू या का? तिथे त्यांचा वेग चांगला होता." मी म्हटलं, एडिटरमध्ये चूक आहे, माझी आहे, मला थोडा वेळ द्या.

मग मला एक युक्ती सुचली. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो पडद्यावर एकेका जागी एक चांदणी दाखवायचा, आधी कडेला, मग सरकत सरकत मध्यापर्यंत. तिने चांदणी दिसली की बटण दाबायचं. म्हणजे पडद्यावरच्या कुठल्या जागा प्रोग्रॅम गिळतो ते कळेल. आणि काम करताना असते तशीच नजर हवी म्हणून मी तिला बजावलं, डोळे हलवायचे नाहीत, मधे बघत राहायचं.

दुपार होती. बाकीचे जेवायला गेले होते. आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. डाव्या कोपऱ्यात चांदणी उमटली.

"आली?"

"नाही."

"ही?"

"कुठे?"

चांदण्या येत होत्या आणि जात होत्या. मला सगळ्या दिसत होत्या. ती मान ताठ ठेवून, शहाण्या मुलीसारखी मधे बघत होती आणि तिचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं होतं. पार मध्याजवळ आल्यावर बोट हललं. मी आलेखाच्या कागदावर खुणा करत गेले. शेवटी कागदावर एक लहानसा गोल तयार झाला आणि भोवती सगळं कोरं. मग आम्ही जागा बदलल्या. तीच चांदणी, तोच पडदा, मी प्रत्येक वेळी बटण दाबलं.

तिने कागद हातात घेतला. गोलावरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे."

किती आठवडे मला हेच ऐकायचं होतं. त्या क्षणी मात्र कोणी म्हणालं असतं, नाही गं, तुझंच चुकलंय, तर मी त्याच्या पाया पडले असते.

नंतर एकेक गोष्टी आठवत गेल्या. थंडीत लवकर अंधारायचं तेव्हा बस स्टॉपपर्यंत जाताना ती माझं कोपर धरायची. मी तो जिव्हाळा समजत होते. जिव्हाळा होताच, पण तिला रस्ता दिसत नव्हता. तिच्या आईला विचारलं तर त्या चुलीवरून मान न वळवता म्हणाल्या, "आंधारामा ती आशीच चालस. तिना बाप बी आशाच व्हता." अंधारात ती अशीच चालते, बापही असाच होता. त्यांच्या घरात ती चालण्याची एक पद्धत होती, आजार नव्हता.

शरणपूर रोडला डोळ्यांचे एक वयस्क डॉक्टर होते. त्यांच्याकडे पांढरा ठिपका सरकवण्याचं एक यंत्र होतं. माझ्या चांदण्यांचाच प्रकार. त्यांनी माझा आलेखाचा कागद पाहिला, आपला कागद त्याच्यावर ठेवला, आणि दोन्ही गोल जवळपास एकमेकांवर बसले. ते म्हणाले, नजर कडेकडून आत मिटत येते. याला औषध नाही. मधलं पुष्कळ वर्षं राहील, कदाचित जन्मभरही राहील, सांगता येत नाही. ती म्हणाली, "मला कळलं कसं नाही?" डॉक्टर म्हणाले, "हळूहळू होतं. आणि तुम्हाला लागतं तेवढं दिसत असेल."

तेवढं दिसतच होतं. इतकी वर्षं ती एका ओळीसमोर बसली होती आणि तिच्या डोळ्यांत एक ओळ मावत होती. दोन्ही बरोबर मापाचं होतं. मी पान आणलं तेव्हा तिचं न दिसणं उघडं पडलं.

मला माझ्या पानाचा राग आला. खरंच आला. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, मी ते काढूनच टाकते, जुना एडिटर काय वाईट होता? ती एवढी चिडलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. "सगळ्यांचं पान काढून घेणार? वेडी आहेस का तू? आणि मी काय सांगू त्यांना, माझ्यामुळे अंधारात बसा म्हणून?" मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मला पान नको. मला खिडकी दे."

खिडकी तिच्याच डोक्यातून निघाली. पडद्याच्या मधोमध एक चौकोन, तिच्या नजरेत मावेल एवढाच. लिहायची ओळ कायम मध्यावर थांबलेली, आणि प्रोग्रॅम तिच्यामागून सरकत जाणारा. तिने डोळे फिरवायचे नाहीत, मजकुराने तिच्याकडे यायचं. कोपऱ्यातल्या सूचनासुद्धा चौकोनाच्या तळाशी. ती पुढे म्हणाली, "आणि मी भिंतीकडे जाणार नाही. भिंतीला इथे यायला सांग." मग लक्षात आलं, नोंदी आता डिस्कवर होत्या, त्यांचे तक्तेही डिस्कवर ठेवता येतील. लिहिता लिहिता एखाद्या नावावर थांबून बटण दाबलं की ती माहिती कुठून सुरू होते, किती लांब आहे हे खालच्या ओळीत यायला लागलं. पुन्हा दाबलं की स्टोअर्समधली एक खरी नोंद समोर यायची, अमुक जातीचा स्क्रू, अमुक खोक्यात, शिल्लक अमुक. लिहिणाऱ्याला आपण कशाबद्दल लिहितो आहोत ते तिथल्या तिथे दिसायला लागलं.

हे तिच्यासाठी केलं होतं, पण आठवडाभरात सगळे तेच बटण दाबायला लागले. भिंतीकडे कोणी वळेना. तक्ते पिवळे पडत गेले, आणि साहेब बाहेरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते बटण स्वतः दाबून दाखवायचे, जणू त्यांनीच बनवलंय. तिचं काम पूर्ण झालं, वेळेवर झालं. साहेबांनी तिचं नाव पाठवलं.

आता उरली वैद्यकीय तपासणी. कारखान्याच्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. तिथेच संपलं असतं. मी बाहेर बाकावर बसले होते आणि दार अर्धवट उघडं होतं. तिचा आवाज आला, "डॉक्टर, तक्ता वाचता येतो, पण तक्त्याशेजारी उभे असलेले तुम्ही मला दिसत नाही." आणि मग तिने सगळं सांगितलं.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. काय गरज होती? कोणी विचारलं होतं का? ती चप्पल चाचपत म्हणाली, "ही नजर अजून मिटत जाणार. मी दर वेळी तुझ्याकडे खिडकी लहान करून घ्यायला येणार. ते काय चोरून येऊ? जन्मभर?" बसमधून द्वारकेला उतरताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरांनी कागदावर जे होतं ते लिहिलं आणि खाली, बैठ्या कामास योग्य. तो कागद साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. येता जाता आम्हाला तो काचेतून दिसायचा, पेपरवेटखाली. त्या दिवसांत तिच्या आईने नामपूरला निरोप धाडला होता की खोली झाडून ठेवा. शेवटी साहेबांनी तिला आत बोलावलं, मलाही थांबायला सांगितलं. कधी नव्हे ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "तुम्हाला अडचण येणार नाही ना?"

"मला येईल, साहेब," ती म्हणाली. "कामाला येऊ देणार नाही."

साहेबांनी सही केली. मग उगाच ड्रॉवर उघडून बंद केला आणि आम्हाला जायला सांगितलं.

त्यानंतरची वर्षं कशी सरली ते मला नीट आठवत नाही. एखाद्या लांबलचक दुपारसारखी ती एकमेकांत मिसळली आहेत. थंडी, घरघर, स्वेटर. माझं लग्न झालं, मूल झालं, सुट्टीवरून परत आले तर माझ्या एडिटरमध्ये नव्या मुलामुलींनी कितीतरी सोयी वाढवल्या होत्या आणि काही बिघडवूनही ठेवल्या होत्या. ती तिथेच होती. स्टोअर्सच्या नोंदींबद्दल काही विचारायचं तर सगळे तिच्याकडे जायचे. अधूनमधून ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची आणि ब्लाउज टीप मारायला द्यावा तशी सहज म्हणायची, "दोन्ही बाजूंनी थोडं आत घे गं." मी खिडकीची मापं कमी करायचे. ती बसून बघायची, मान हलवायची, कामाला लागायची. मी मात्र पाणी प्यायला म्हणून बाहेर जायचे आणि तिथे थोडा वेळ उभी राहायचे.

दशक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. जुनं यंत्र काढून नवी, टेबलावर मावणारी यंत्रं आणायचं ठरलं होतं. शनिवार होता, बाकीचे लवकर गेले होते. ती खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "पान दिसतं कसं गं?"

"कुठलं पान?"

"तुझं. सगळ्यांनी बघितलं. मी एकटीनेच नाही बघितलं."

मी सांगायचा प्रयत्न केला. वरून खाली ओळी असतात, काही डावीकडून सुरू होतात, काही आत सरकलेल्या असतात. माझं मलाच ते इतकं कोरडं वाटलं की मी थांबले. ती विचार करत होती. मग म्हणाली, "द्वारकेला उभी असते ना, तेव्हा बस लांब असली की मला अख्खी दिसते. जवळ आली की नुसतं दार दिसतं." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी तिच्या टर्मिनलवरची खिडकी काढून टाकली आणि तिने लिहिलेला स्टोअर्सचा प्रोग्रॅम पडदाभर उघडला. तिने खुर्ची मागे ढकलली. "अजून नाही." आणखी मागे. प्रिंटर ओलांडला, टेपची कपाटं ओलांडली. खोलीच्या पार टोकाला तिची पाठ भिंतीला लागली.

"दिसलं," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तिथून ते पान हाताच्या तळव्याएवढं दिसत होतं, हिरवं, मंद, चारी बाजूंनी काळं.

"अक्षरं लागतात?"

"एकही नाही. पण सगळं आहे." तिने न बघताच माझं मनगट धरलं. "पुढचं पान लाव."

मी खोली ओलांडून गेले, बटण दाबलं, परत आले. पुढचं. परत गेले. आमची बस गेल्याचा आवाज आला, तिकडे दोघींनीही लक्ष दिलं नाही. असा तिचा अख्खा प्रोग्रॅम तिने त्या संध्याकाळी भिंतीला टेकून पाहिला, एक अक्षरही न वाचता, पहिल्या पानापासून. शेवटचं पान आलं, तेही तिने निवांत पाहून घेतलं, आणि म्हणाली, "बरा लिहिलाय गं मी."